ऑलिंपियातल्या कामगार आणि व्यवसाय विधेयकांच्या सुनावण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आला की सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल या पट्ट्यातल्या मराठी मंडळींचे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक विचारणारे आयटीत नोकरी करणारे, काही छोटा व्यवसाय चालवणारे, आणि दोघांच्याही कानावर एखाद्या विधेयकाची बातमी आलेली असते. ऑलिंपिया ही वॉशिंग्टन राज्याची राजधानी, आणि इथली माहिती फक्त या राज्यापुरती आहे. कॅलिफोर्निया किंवा टेक्ससचे नियम वेगळे आहेत.

१. समितीची सुनावणी म्हणजे नेमकं काय? कोर्टासारखं काही असतं का?

नाही. तिथे न्यायाधीश नसतो, उलटतपासणी नसते, निकालही लागत नाही. राज्याच्या विधिमंडळाची सिनेट आणि हाउस अशी दोन सभागृहं आहेत. राज्यात ४९ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर आणि हाउसचे दोन सदस्य निवडून जातात. म्हणजे सिनेटमध्ये ४९ जण आणि हाउसमध्ये ९८. दर अधिवेशनात इतकी विधेयकं येतात की सगळी सभागृहात घेणं शक्यच नसतं, म्हणून ती आधी विषयानुसार समित्यांकडे जातात. समितीच्या अध्यक्षांनी विधेयक सुनावणीला घेतलं की कोणीही समोर येऊन त्यावर बोलू शकतं. सर्वसामान्य माणसाला आमदारांसमोर बसून बोलायची संधी पूर्ण प्रक्रियेत इथेच मिळते. पुढे सभागृहात फक्त सदस्य बोलतात.

२. नोकरी आणि धंद्याची विधेयकं कोणत्या समितीकडे जातात?

सिनेटमध्ये मुख्यतः लेबर अँड कॉमर्स समितीकडे. हाउसमध्ये लेबर अँड वर्कप्लेस स्टँडर्ड्स समिती पगार, रजा, सुरक्षितता, युनियन हे विषय बघते, आणि व्यवसायांवरचे बरेचसे नियम कन्झ्युमर प्रोटेक्शन अँड बिझनेस समितीत येतात. विधेयकामुळे सरकारी तिजोरीवर भार पडणार असेल तर दुसरा मुक्काम सिनेटच्या वेज अँड मीन्स किंवा हाउसच्या अप्रोप्रिएशन्स समितीत असतो, आणि तिथे पुन्हा सुनावणी होते. निवडणुकीनंतर समित्यांची नावं आणि विषय थोडेफार बदलतात. त्यामुळे जुन्या माहितीवर न विसंबता विधेयकाच्या पानावर समितीचं नाव बघा.

३. अधिवेशन कधी असतं?

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६० दिवस. सुनावण्यांची खरी गर्दी पहिल्या पाच-सहा आठवड्यांत असते, कारण विधेयक मूळ समितीतून बाहेर पडण्याची मुदत ठरलेली असते (प्रश्न १४ पाहा). उन्हाळ्यात समित्या अधूनमधून माहितीसाठी बैठका घेतात, पण विधेयकांवर मतं घेतली जात नाहीत. आपल्या आमदाराला निवांत भेटायचं असेल तर मात्र हाच काळ उत्तम. फेब्रुवारीत पाच मिनिटं मिळवणंही कठीण जातं.

४. आपल्याला हव्या त्या विधेयकाची सुनावणी कधी आहे हे कसं कळतं?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाका. हाउसच्या विधेयकांचे क्रमांक १००० च्या पुढे आणि सिनेटच्या विधेयकांचे ५००० च्या पुढे असतात. एकच मसुदा बऱ्याचदा दोन्ही सभागृहांत एकाच वेळी मांडला जातो. त्या पानावर जोड-विधेयकाचा क्रमांकही दिलेला असतो, तो टिपून ठेवा, कारण सुनावणी कोणत्याही एका बाजूला आधी लागू शकते. नियमानुसार सुनावणीची सूचना पाच दिवस आधी निघते, पण मुदती जवळ आल्या की हा नियम बाजूला ठेवता येतो. ईमेल सूचना सुरू करून घ्या, आणि आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा एकदा बघा. शेवटच्या क्षणी विधेयक यादीतून वगळलं जाणं नेहमीचंच आहे.

५. मी एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, मतदार नाही. मला बोलता येतं का?

येतं. समितीत बोलायला नागरिकत्वाची, ग्रीन कार्डची किंवा मतदार यादीत नाव असण्याची अट नाही. एच-४ वरची जोडीदार व्यक्ती, विद्यार्थी, इथे शिकणारी शाळकरी मुलंसुद्धा बोलतात. हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, आणि दर वेळी जाणवतं की ज्यांच्या नोकरीवर या कायद्यांचा थेट परिणाम होतो तीच माणसं "आपला काय संबंध" म्हणून गप्प बसतात. नोकरी गेली तर साठ दिवसांत नवीन नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधावा लागणाऱ्या माणसाचा नोकरकपातीच्या नोटिशीच्या कायद्याशी संबंध नसेल, तर कोणाचा असेल?

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारनिधीला पैसे देता येत नाहीत. हा संघराज्याचा कायदा आहे आणि राज्याच्या निवडणुकांनाही लागू आहे. दुसरं, एखादी संस्था बोलण्याबद्दल मानधन देत असेल तर ते काम ठरू शकतं. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

६. नाव कसं नोंदवायचं?

संकेतस्थळावर समित्यांसाठी साइन-इनचं पान आहे. सभागृह, समिती, तारीख आणि विधेयक निवडलं की तीन पर्याय समोर येतात: स्वतः बोलायचं (प्रत्यक्ष किंवा झूमवर), लेखी निवेदन द्यायचं, किंवा न बोलता फक्त आपली भूमिका नोंदवायची. बोलण्यासाठी आणि भूमिका नोंदवण्यासाठी मुदत सुनावणी सुरू होण्याच्या एक तास आधीपर्यंत असते. सकाळी आठची सुनावणी असेल तर सातला दार बंद. लेखी निवेदन सुनावणी सुरू झाल्यापासून चोवीस तासांपर्यंत देता येतं.

झूमसाठी नोंदणी केली की लिंक ईमेलवर येते. ती तुमच्या नावाची असते, दुसऱ्याला पाठवू नका.

७. प्रो, कॉन, अदर यांपैकी काय निवडू?

विधेयक मंजूर व्हावं असं वाटत असेल तर प्रो, होऊ नये असं वाटत असेल तर कॉन. कल्पना पटते पण एखादं कलम खटकतं, अशा वेळी अदर निवडा आणि पहिल्याच वाक्यात ते कलम सांगा. छोट्या व्यावसायिकांना आमचा सल्ला नेहमी हाच असतो. सरसकट विरोधापेक्षा "पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांना एवढी मुदत द्या" अशी नेमकी मागणी दुरुस्तीच्या मसुद्यात उतरण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

८. त्यासाठी ऑलिंपियाला जावंच लागतं का?

नाही. झूमवरून बोलणाऱ्याला समान वेळ मिळतो. सिएटलपासून ऑलिंपिया साधारण साठ मैल, त्यात आय-५ महामार्गावरची सकाळची गर्दी. कामाच्या दिवशी दोन मिनिटांसाठी एवढं जाणं सगळ्यांना जमत नाही. एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन या, असं मात्र मनापासून सांगतो. सुनावणी संपल्यावर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आमदाराचा सहायक भेटतो, पुढे कोणाला ईमेल करायचा ते सांगतो. हे झूमवर होत नाही.

९. दोन मिनिटांत काय बोलायचं?

वेळ अध्यक्ष ठरवतात. नावं जास्त असली की दोन मिनिटांचं एक मिनिटही होतं, म्हणून एका मिनिटाचा मजकूर वेगळा तयार ठेवा.

आधी क्रम समजून घ्या. समितीचा निःपक्ष स्टाफ विधेयक काय आहे ते सांगतो. मग विधेयक मांडणारे सदस्य बोलतात. त्यानंतर अध्यक्ष तीन-चार जणांना एकत्र बोलावतात आणि पुढच्या गटाची नावंही वाचतात. झूमवर असाल तर नाव पुकारल्यावर तुम्हाला आत घेतलं जातं, माइक स्वतः सुरू करावा लागतो, आणि पडद्यावर उलटं घड्याळ दिसतं. सुरुवातीची रीत ठरलेली: अध्यक्षांना आणि सदस्यांना अभिवादन, मग "फॉर द रेकॉर्ड" म्हणून आपलं पूर्ण नाव, गाव, आणि आपण बाजूने आहोत की विरोधात. शपथ घ्यावी लागत नाही.

मग सरळ मुद्द्यावर या. समजा, कपातीच्या नोटिशीचं विधेयक आहे. "ही कपात अन्यायकारक आहे" हे सदस्यांनी आधीच्या दहा जणांकडून ऐकलेलं असतं. त्याऐवजी असं सांगा: सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडत नव्हता, पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये कळलं, भाड्याच्या घराचा करार पाच महिने शिल्लक होता, मुलाची शाळा त्याच पत्त्यावर अवलंबून होती, आणि व्हिसाची मुदत शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजायला सुरुवात झाली होती. साठ दिवस आधी कळलं असतं तर यातलं नेमकं काय टळलं असतं ते सांगा आणि थांबा. कायद्याचा अर्थ सदस्यांना समजावत बसू नका, त्यासाठी त्यांच्याकडे वकील आहेत. तुमच्या घरात काय घडलं हे सांगणारं मात्र त्या खोलीत तुमच्याशिवाय कोणी नसतं.

कागदावरून वाचलं तरी हरकत नाही. उच्चाराची काळजी करू नका, वेग कमी ठेवा. आधीच्या वक्त्याने तुमचाच मुद्दा मांडला असेल तर "त्यांच्याशी सहमत" म्हणून फक्त नवीन तपशील द्या. अध्यक्ष याची मनापासून कदर करतात.

१०. सदस्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर?

"आत्ता माहीत नाही, समितीला लेखी कळवतो" असं सांगा आणि खरोखर कळवा. अंदाजाने आकडा देऊ नका, तो रेकॉर्डवर राहतो.

११. नाव नोंदवलं, तासभर थांबलो, पाळीच आली नाही. सगळं वाया गेलं का?

नाही. सुनावणीनंतर स्टाफ विधेयकाचा अहवाल तयार करतो. त्यात बाजूने आणि विरोधात काय म्हटलं गेलं याचा सारांश असतो, बोललेल्यांची नावं असतात, आणि नोंदणी करून ज्यांची पाळी आली नाही त्यांचीही नावं वेगळी दिलेली असतात. फक्त भूमिका नोंदवणाऱ्यांची नावं अहवालात छापली जात नाहीत, पण ती यादी समितीच्या सदस्यांपुढे असते. शिवाय चोवीस तासांची सवलत आहेच (प्रश्न ६). बोलायचा मजकूर त्याच संध्याकाळी लेखी पाठवून द्या. आपलं नाव घालून चिकटवलेलं ठरावीक पत्र पाठवू नका. शंभर सारखी पत्रं आली की त्यांची शंभर मतं मोजली जातात, पण वाचलं जातं एकच.

१२. माझं नाव सार्वजनिक होतं का? कंपनीला कळेल का?

होतं, आणि कळू शकतं. सुनावण्या टीव्हीडब्ल्यू या वाहिनीवर थेट दिसतात आणि त्यांचं चित्रण पुढेही शोधून बघता येतं. लेखी निवेदनही सार्वजनिक दस्तऐवज असतो. निनावी बोलायची सोय नाही.

म्हणून घाई न करता विचार करा. कंपनीचं नाव घेणं बंधनकारक नाही, "एका मोठ्या टेक कंपनीत काम करतो" एवढं पुरतं. स्वतःच्या वतीने बोलतोय असं स्पष्ट सांगा. कंपनीचा लॅपटॉप, ईमेल किंवा झूम खातं वापरू नका. गोपनीयतेच्या करारामुळे गप्प बसलेल्यांनी २०२२ चा सायलेन्स्ड नो मोअर कायदा माहीत करून घ्यावा: बेकायदा भेदभाव, छळ, सूडबुद्धीची कारवाई किंवा वेतन नियमांचा भंग यांबद्दल बोलण्यास कर्मचाऱ्याला मनाई करणारी कलमं या राज्यात लागू करता येत नाहीत. व्यापारी गुपितं मात्र या संरक्षणात येत नाहीत. नोकरीची खरोखर धास्ती असेल तर तुमची हकीकत मांडायला तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराशी आधी फोनवर बोला, किंवा एखाद्या संघटनेमार्फत नाव न घेता ती मांडू द्या.

१३. संघटनेच्या किंवा माझ्या दुकानाच्या वतीने बोललो तर मी लॉबिस्ट ठरतो का? नोंदणी लागते का?

तुमचं काम समितीच्या जाहीर सुनावणीत बोलण्यापुरतंच असेल तर नोंदणीची गरज नाही, तशी स्पष्ट सूट कायद्यात आहे. पैसे घेऊन आमदारांना वेगळं भेटणं, त्यांच्यावर खर्च करणं असं सुरू झालं की पब्लिक डिस्क्लोजर कमिशनचे (लॉबिंगवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाचे) नियम लागू होतात. संघटनेच्या वतीने बोलताना तसा अधिकार तुम्हाला दिलेला असावा. मंडळाच्या कार्यकारिणीला न विचारता मंडळाच्या नावाने बोलल्यामुळे भांडणं झालेली आहेत.

१४. सुनावणी छान झाली आणि मग विधेयक गायबच झालं. मेलं का?

बहुतेक वेळा हो, पण घाई करू नका. सुनावणीनंतर समितीची एक्झिक्युटिव्ह सेशन होते. नावावरून बंद दाराआडची वाटते, पण ती जाहीर असते. त्यात फक्त सदस्य दुरुस्त्या मांडतात आणि मत देतात, बाहेरच्यांना बोलता येत नाही. अध्यक्षांनी विधेयक तिथे घेतलंच नाही तर मुदत उलटते आणि ते अडकतं. मंजूर झालं तर आर्थिक समिती, मग रूल्स समिती (सभागृहात काय घ्यायचं ते ठरवणारी), मग सभागृह, आणि हा सगळा फेरा दुसऱ्या सभागृहात पुन्हा एकदा.

अपवाद दोन. विषम वर्षी अडकलेलं विधेयक पुढच्या सम वर्षी त्याच क्रमांकाने पुन्हा जिवंत होतं, सम वर्ष संपलं की मात्र संपतं. आणि अर्थसंकल्प अमलात आणायला आवश्यक ठरवलेल्या विधेयकांना या मुदती लागू होत नाहीत, त्यामुळे एप्रिलमध्ये अचानक एखादं उठून उभं राहतं.

१५. क्रमांकाआधी एस, टू-एस, ई अशी अक्षरं का येतात? वाचायचं कोणतं?

समितीने मूळ मसुद्याऐवजी नवा मसुदा स्वीकारला की सब्स्टिट्यूट म्हणून एस लागतो, दुसऱ्यांदा तसं झालं की टू-एस. सभागृहात दुरुस्ती झाली की एन्ग्रॉस्ड म्हणून ई. बोलण्याआधी सर्वांत अलीकडचा मसुदा वाचा. वगळून टाकलेल्या कलमावर पोटतिडकीने बोलणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटतं, कारण वेळ खरोखर मोलाचा असतो.

१६. एवढं सगळं करून खरंच काही बदलतं का?

बदलतं, पण सगळं नाही आणि एका झटक्यात नाही.

२०२४ च्या शरद ऋतूत बोइंगच्या सुमारे ३३,००० मशिनिस्टांचा संप सात आठवड्यांहून अधिक चालला. पुढच्याच अधिवेशनात सिनेट विधेयक ५०४१ आलं: संपावरच्या कामगारांना बेरोजगार भत्ता मिळावा. युनियनची माणसं बाजूने आणि उद्योगांची माणसं विरोधात, दोन्ही सभागृहांच्या समित्यांत भरभरून बोलली. सिनेटच्या मसुद्यात बारा आठवडे होते, हाउसने चार केले, शेवटी तडजोड सहा आठवड्यांवर झाली, आणि कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. बाजू घेणाऱ्या दोघांनाही पूर्ण हवं ते मिळालं नाही, पण कायदा व्हायचा की नाही याइतकाच वाद भत्ता किती आठवड्यांचा असावा यावरही होता.

व्यवसायांच्या बाजूने घडलेलंही सांगायला हवं. १ जानेवारी २०२३ पासून पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांना नोकरीच्या जाहिरातीत पगाराची श्रेणी देणं बंधनकारक झालं. नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांना याचा फार फायदा झाला. त्याचबरोबर जाहिरातीतल्या चुकीवरून खटल्यांचा पाऊस पडला. व्यावसायिकांनी हे गाऱ्हाणं विधिमंडळात मांडलं आणि २०२५ च्या दुरुस्तीत लेखी सूचना मिळाल्यावर चूक सुधारायला पाच कामकाजाचे दिवस मिळाले. पगार दाखवण्याचं बंधन तसंच राहिलं. आमच्या मते ही दुरुस्ती योग्य झाली.

आणि कपातीचं विधेयक, ५५२५, तेही २०२५ मध्येच मंजूर झालं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना सामूहिक कपातीआधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि कौटुंबिक किंवा वैद्यकीय रजेवर असलेल्याला काही अपवाद सोडता अशा कपातीत घेता येत नाही.

१७. किमान वेतन दरवर्षी वाढतं, पण त्यावर सुनावणी दिसत नाही. का?

कारण ती वाढ विधिमंडळ करत नाही. २०१६ मध्ये मतदारांनीच इनिशिएटिव्ह १४३३ मंजूर केला. त्यानुसार महागाई निर्देशांकाप्रमाणे लेबर अँड इंडस्ट्रीज खातं दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत नवा दर जाहीर करतं. २०२५ साठी तो ताशी १६.६६ डॉलर होता. सिएटलसारख्या शहरांचे दर त्याहून जास्त आणि वेगळे आहेत. मूळ सूत्र बदलण्याचं विधेयक आलं तरच समितीत सुनावणी होते.

१८. लेबर अँड इंडस्ट्रीजची सुनावणी आणि समितीची सुनावणी एकच का?

नाही. कायदा झाल्यावर त्याचे बारीक नियम हे खातं करतं आणि मसुद्यावर स्वतःची वेगळी सुनावणी घेतं, वेगळ्या तारखांना, वेगळ्या नोंदणीने. तिथे "हा कायदाच नको" म्हणून उपयोग नाही, नियम कसा असावा एवढंच बोलायचं. हॉटेल किंवा किराणा दुकान चालवणाऱ्यांनी ही सुनावणी चुकवू नये. कामाच्या वेळा आणि नोंदवह्यांच्या रोजच्या कटकटी तिथेच ठरतात.

१९. एच-१बी ची फी, लॉटरी, ग्रीन कार्डची रांग यावर समितीत बोलता येईल का?

बोललात तरी समितीच्या हातात काही नाही. तो विषय वॉशिंग्टन डी.सी.चा. खासगी क्षेत्रातल्या युनियनच्या हक्कांचा बराचसा भागही संघराज्याच्या कायद्यात येतो. पण राज्याच्या विधेयकाचा व्हिसाधारकांवर होणारा परिणाम सांगायला पूर्ण मोकळीक आहे, प्रश्न ९ मधल्या उदाहरणासारखा.

२०. महाराष्ट्रात अशी सोय आहे का? आई-बाबा विचारतात.

अशी नाही. तिथे प्रत्येक विधेयक समितीकडे जात नाही. सभागृहाने ठरवलं तरच संयुक्त समिती नेमली जाते, ती लेखी सूचना मागवते, काहींना बोलावून ऐकते, पण बैठका जनतेसाठी खुल्या नसतात. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या जनसुरक्षा विधेयकावर लोकांनी बारा हजारांहून अधिक सूचना पाठवल्या होत्या. म्हणजे उत्साह तिथेही कमी नाही, समोर बसून बोलायची जागा मात्र नाही.

२१. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. उद्यापासून लागू?

नाही. राज्यपालांना सही करायला किंवा नकाराधिकार वापरायला अधिवेशन चालू असेल तर पाच दिवस (रविवार वगळून) मिळतात, अधिवेशन संपत आलेलं किंवा संपलेलं असेल तर वीस. ते एखादं कलम तेवढं वगळून बाकीच्यावर सही करू शकतात, म्हणून बातमी वाचल्यावर अंतिम मजकूर बघा. वेगळी तारीख दिलेली नसेल तर कायदा अधिवेशन संपल्यानंतर ९० दिवसांनी लागू होतो. २०२५ चं अधिवेशन २७ एप्रिलला संपलं, म्हणून वर सांगितलेला कपातीचा कायदा आणि पगार-जाहिरातीची दुरुस्ती २७ जुलैपासून लागू झाली. तातडीचं कलम जोडलेलं असेल तर सही होताच लागू होऊ शकतो. त्या तारखेच्या आधी घडलेल्या कपातीला सहसा नवा कायदा लागू होत नाही, त्यामुळे तुमच्या पत्रावरची तारीख आणि कायद्याची तारीख शेजारी ठेवून बघा, आणि मगच वकिलाला फोन करा.